पपईच्या पिपाणीपासून डीपीच्या घरघरीपर्यंत : आवाज कसा घडतो ते घरच्या घरी तपासा

शहादा-नंदुरबारच्या आमच्या पट्ट्यात पपईची बाग नाही असं शिवार शोधावं लागतं. पानाचा पोकळ देठ घ्यायचा, त्याला चीर द्यायची आणि फुंकायचं, हा खेळ इथला प्रत्येक जण लहानपणी खेळलेला असतो. मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. ध्वनीचा धडा आला की फळ्याकडे न वळता पोरांना आधी बागेत नेते. एकदा एका मुलानं पिपाणी वाजवली, तोंडातून काढली, उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "मॅडम, हाऊ आवाज कथाईन येस?" म्हणजे हा आवाज येतो कुठून?

त्या एका प्रश्नाचे आम्ही वर्गात तीन प्रश्न केले. काय हालस? कोन हालावस? आन मोठा कोन करस? म्हणजे हलतंय काय, त्याला हलवतंय कोण, आणि तो आवाज कानापर्यंत पोचेल एवढा मोठा कोण करतंय. कुठलाही आवाज घ्या, संबळ, बेडूक, मोटार, मोबाइल. या तीन प्रश्नांची उत्तरं सापडली की तो आवाज कळला म्हणून समजा. पुढचे सगळे प्रयोग याच तीन प्रश्नांभोवती आहेत. एका दिवसात उरकू नका, आठवडाभर पुरवा.

सामान साधं आहे: पपईचा देठ, अर्धा मिलीमीटर जाडीचा तंगूस (मासे पकडायच्या गळाचा नायलॉनचा दोरा), पाण्याच्या बाटल्या, पातेलं, प्लॅस्टिकचा कागद, मूठभर रवा, शेतातल्या पाइपाचा हातभर तुकडा, खोल बादली आणि एक स्मार्टफोन. फोनमध्ये 'फायफॉक्स' हे मोफत ॲप घ्या. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठानं ते बनवलं आहे. फोनचा माइक वापरून आवाजात कुठल्या वारंवारता आहेत ते त्यात आलेखावर दिसतं, आणि हव्या त्या वारंवारतेचा सूरही त्यातून काढता येतो. वारंवारता म्हणजे सेकंदाला किती कंपनं झाली तो आकडा, आणि त्याचं माप हर्ट्झ. माणसाचा धडधाकट कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो.

पिपाणी

बागमालकाला विचारून खालच्या बाजूचं जून पान घ्या. कोवळ्या पानाचा देठ फुंकताना दबतो. देठ बुंध्यापाशी कापला की चीक गळतो. तो डोळ्याला, ओठाला लागू देऊ नका, जळजळ होते. देठ दहा मिनिटं पाण्यात उभा ठेवा, नंतर स्वच्छ धुऊन पुसा. पान जिथून फुटतं तिथं देठ भरीव असतो. तेवढं बोंड ठेवून पान छाटायचं, म्हणजे नळीचं एक तोंड आपोआप बंद राहतं. दुसरं तोंड उघडं. आता बंद टोकापासून दोन बोटं सोडून ब्लेडनं लांबीच्या दिशेनं चार-पाच सेंटिमीटरची चीर द्या. चीर एकाच बाजूच्या भिंतीतून आत पोकळीपर्यंत गेली पाहिजे, समोरच्या भिंतीला ब्लेड लागता कामा नये. लहान मुलांसाठी हे काम मोठ्यांनी करावं. चीर पूर्ण तोंडात जाईल असा देठ धरा, ओठ घट्ट मिटा आणि जोर लावून फुंका.

पहिल्या फुंकरीला नुसती हवा गेली तर चीर बोटांनी थोडी मोकळी करा. एकदा का ती बोलली, की बोलली. म्हशीच्या रेडकासारखा, जरा घोगरा आणि चांगला दणदणीत आवाज येतो.

आता तीन प्रश्न. हलतंय काय? चिरेच्या दोन कडा. तोंडातली दाबलेली हवा चिरेतून आत घुसते तशा या कडा एकमेकींवर मिटतात आणि वाट बंद होते. देठाचा ताठरपणा त्यांना परत उघडतो. पुन्हा हवा, पुन्हा मिटणं. असं सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि तुमच्या सलग फुंकरीचे बारीक बारीक तुकडे पडतात. आवाज म्हणजे हवेच्या दाबातले हेच भराभर होणारे चढउतार. हलवणारा कोण, तर तुमचा श्वास. आणि मोठा कोण करतंय? देठाची पोकळी. दाबाचा प्रत्येक धक्का नळीतून उघड्या तोंडापर्यंत जातो, तिथून काही अंशी मागे फिरतो आणि चिरेच्या कडांना पुढच्या उघडमिटीची वेळ सांगतो. झोक्याला वेळेवर धक्का दिला की तो चढतो, तसंच. आखाजीला (अक्षय तृतीयेला) झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसलेल्या मुलीला हे वेगळं सांगावं लागत नाही.

नळी वेळ ठरवते याचा पुरावा हातात आहे. उघड्या टोकाकडून चार-चार बोटं कापत जा आणि दर वेळी फुंका. नळी आखूड झाली की धक्का लवकर परत येतो आणि सूर चढतो. कापण्याऐवजी भोकं पाडलीत तर भोक उघडल्यावर नळी तिथंच संपल्यासारखी वागते. बासरीवरची बोटं हेच काम करतात, फक्त बासरीत चिरेऐवजी धारदार कडेवर आपटून डुलणारी हवाच हलत असते.

पिपाणी कळली की बरंच काही फुकटात कळतं. सनईची ताडपत्राची जिभळी म्हणजे हीच चीर, जास्त निगुतीनं केलेली. आपल्या आदिवासी भागात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात घुमणारी पावरी बघा: भोपळा, बांबूच्या नळ्या आणि टोकाला शिंग. भजनी मंडळातली पेटीही याच कुळातली, पण तिच्यात एक मोठा फरक आहे. वरची फळी उघडून बघा, पितळी पट्ट्यांची रांग दिसेल. प्रत्येक पट्टी एका टोकाला पक्की आणि दुसऱ्या टोकाला मोकळी असते. भात्याची हवा तिला हलवते. इथं नळीच नाही, त्यामुळे सूर पट्टीच्या लांबी-जाडीवरच ठरतो. पेटी दुरुस्त करणारे कारागीर पट्टीचं मोकळं टोक किंचित खरवडून सूर चढवतात आणि बुडाशी खरवडून उतरवतात. टोक हलकं झालं की पट्टी भराभर हलते, बूड पातळ झालं की तिचा ताठरपणा कमी होतो.

आणि आपला गळा. कंठावर दोन बोटं ठेवून आधी नुसतं 'स्स्स्' म्हणा, मग 'झ्झ्झ्'. दुसऱ्या वेळी बोटांना थरथर जाणवेल. स्वरयंत्रातल्या दोन पडद्यांची ती उघडझाप आहे. बोलताना पुरुषांच्या गळ्यात ती सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा होते, बायकांच्या गळ्यात २०० च्या आसपास. 'स' म्हणताना ते पडदे स्वस्थ असतात आणि आवाज दातांपाशी घासणाऱ्या हवेचा येतो.

तंगूस आणि दोन बाटल्या

टेबलाच्या एका कडेला तंगूस पक्का बांधा, दुसऱ्या कडेवरून खाली सोडा आणि त्याला एक लिटर पाण्याची भरलेली बाटली टांगा. टेबलावर दोन पेन्सिली तंगुसाखाली आडव्या सरकवा, त्यांच्यात बरोबर ६० सेंटिमीटर अंतर ठेवा. मधला भाग छेडा. आवाज बारीक येईल, म्हणून कान टेबलाला टेकवून ऐका. तंगूस तुटला तर सपकन मागे येतो, तेव्हा चेहरा तंगुसाच्या वर नको.

आता तिसरी पेन्सिल घेऊन तंगूस ३० सेंटिमीटरवर दाबा. तोच सूर, पण वरच्या सप्तकातला. ४० सेंटिमीटर ठेवलेत तर पंचम, ४५ ठेवलेत तर मध्यम. ज्याला गाण्याचा कान आहे तो इथं दचकतोच. सा आणि प यांचं नातं तीनास दोन या लांबीच्या हिशोबात बसलेलं असतं, आणि ते पट्टीनं मोजता येतं.

पुढची पायरी ताणाची. एक लिटरच्या जागी चार लिटरचा कॅन टांगा. सूर चौपट चढेल असं पोरांना वाटतं, पण तो दुप्पटच चढतो, म्हणजे बरोबर एक सप्तक. ताण चौपट केला की वारंवारता दुप्पट, नऊपट केला की तिप्पट. खुंटी पिळून तुणतुणं लावणारा माणूस वर्गमुळाचंच गणित हातानं करत असतो.

तंगुसाचा आवाज इतका बारीक का? तो हवेतून सुरीसारखा फिरतो, हवा ढकलायला त्याच्याकडे रुंदीच नाही. म्हणून तुणतुण्याला चामड्यानं मढवलेलं भांडं लागतं आणि तंबोऱ्याला भोपळा. कॅन टांगलेला तंगूस पेन्सिलीऐवजी पालथ्या घातलेल्या पत्र्याच्या डब्यावरून न्या आणि फरक ऐका. तिसऱ्या प्रश्नाचं इतकं स्पष्ट उत्तर दुसऱ्या कुठल्या प्रयोगात मिळत नाही.

पातेल्यावरचा रवा

पातेल्याच्या तोंडावर प्लॅस्टिकचा कागद ताणून सुतळीनं घट्ट बांधा, वर चिमूटभर रवा पसरा. तोंड कागदाच्या बाजूला, वीतभर अंतरावर ठेवा. फुंकर लागू न देता 'ऊऽऽ' असा सूर काढून हळूहळू चढवत न्या. बराच वेळ काही होत नाही. मग एका ठरावीक सुराला रवा एकदम नाचायला लागतो, रेषा-वर्तुळं धरतो, आणि सूर थोडा पुढे सरकला की पुन्हा स्वस्थ बसतो. पातेल्याला हात न लावता तुमच्या गळ्यानं तो कागद हलवला. कागद जिथं हलत नाही तिथं रवा गोळा होतो. जर्मनीतल्या क्लाडनी यांनी १७८७ मध्ये धातूच्या पत्र्यांवर वाळू टाकून अशाच आकृत्या नोंदवल्या होत्या.

ताणलेल्या कागदाचे असे अनेक ठेके, म्हणजे ज्यांना तो नाचतो त्या ठरावीक वारंवारता, असतात, आणि ते एकमेकांच्या पटीत नसतात: पहिला १ धरला तर पुढचे साधारण १.५९, २.१४, २.३० असे. म्हणून ढोलाचा दणका छातीत बसतो, पण त्याचा 'सा' कोणता ते सांगता येत नाही. तबल्याचा मात्र सांगता येतो. तो चमत्कार मधल्या शाईचा. लोहकीस घातलेली ती काळी टिकली चामड्याचा मधला भाग जड करते आणि विस्कटलेले ठेके दुप्पट, तिप्पट, चौपट असे ओळीत आणून बसवते. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये हे शास्त्रीय पद्धतीनं दाखवून दिलं. पण शाई घोटून घोटून चढवणाऱ्या कारागिरांनी ते त्याच्या कितीतरी आधी कानानं साधलं होतं, आणि मला त्या कानांबद्दल फार आदर वाटतो.

सातपुड्यात काठी गावच्या होळीला जाण्याचा योग आला तर ढोल वाजायच्या आधी लवकर पोचा. ढोल आणि डफ विस्तवाजवळ धरून शेकतात ते बघा. चामड्यातला ओलावा उडतो, ते आकसतं, ताण वाढतो, सूर चढतो. तंगुसाला जास्त पाणी टांगलं तेच इथं विस्तव करतो.

संध्याकाळी शिवारात

पाऊस पडून गेल्यावर, अंधार पडायच्या सुमारास बांधावर जा. फोन खिशात ठेवा आणि पाच मिनिटं नुसतं ऐका.

रातकिडा पाय घासतो असं बहुतेकांना वाटतं. तो पंख घासतो. एका पुढच्या पंखावर दातेरी शीर असते, दुसऱ्याची कड तिच्यावरून फिरते, आणि पंखाचा ताणलेला पातळ भाग आवाज मोठा करतो. गातो तो नर. घरी येऊन कंगव्याच्या दातांवरून पोस्टकार्डाची कड ओढा: हळू ओढली तर टकटक, भरकन ओढली तर सूर. उन्हाळ्यात भर दुपारी सागाच्या झाडांवरून करवतीसारखा आवाज येतो तो सिकाडा नावाच्या किड्याचा. त्याची तऱ्हा निराळी. पोटाच्या दोन बाजूंना बरगड्या असलेले पडदे असतात, स्नायू ते आत ओढून सोडतो. पत्र्याच्या डब्याचं झाकण आतबाहेर टकटकवतो ना, तसं, पण सेकंदाला शेकडो वेळा. आणि त्याचं पोट जवळजवळ पोकळ असतं, म्हणजे भोपळा अंगातच. बेडूक तोंड मिटून हवा फुप्फुसातून गालफुग्यात आणि फुग्यातून परत अशी फिरवतो, त्यामुळे पाण्यात बसून दम न संपवता ओरडू शकतो. डासाची गुणगुण पंखांची, साधारण ४०० ते ६०० हर्ट्झ. मधमाशीचे पंख सेकंदाला अडीचशेच्या आसपास फिरतात, म्हणून तिचा सूर खालचा.

घरात परत आलात की नळाकडे कान द्या. थेंब बादलीत पडतो तेव्हाचा 'टुपुक' पाण्यावर आदळण्याचा नसतो. थेंबामागे खळगा पडतो, तो मिटताना हवेचा बारीक बुडबुडा पाण्यात अडकतो, आणि तो बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावत वाजतो. तीन मिलीमीटर त्रिज्येचा बुडबुडा सुमारे १,००० हर्ट्झला वाजतो, लहान असेल तर आणखी वर. हंडा भरतानाचा चढत जाणारा सूर मात्र वरच्या उरलेल्या हवेचा. पाणी चढतं तशी हवेची नळी आखूड होते. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या आमच्या गल्लीत बायका पाठमोऱ्या गप्पा मारत असतात आणि हंडा काठोकाठ आला की बरोबर वळतात. पपईचा देठ कापला तेव्हा हेच झालं होतं.

वीज चमकली की मोजायला लागा. गडगडाट पोचायला जितके सेकंद लागतील त्याला तीननं भागा, तेवढे किलोमीटर. इथं हलणारी वस्तूच नसते. विजेच्या वाटेवरची हवा क्षणात हजारो अंश तापते आणि फुटल्यासारखी फुगते. वीज कित्येक किलोमीटर लांब असते, जवळच्या टोकाचा आवाज आधी, लांबच्या टोकाचा नंतर, म्हणून कडाडण्यामागून गडगडत राहतं. मोजमाप घरात बसूनच करा, बांधावर किंवा झाडाखाली नाही.

डीपी, स्पीकर आणि रेल्वे

शेतातल्या डीपीची घरघर कुंपणाबाहेरून, लांबूनच फोनवर घ्या आणि फायफॉक्सचा आलेख बघा. विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा, पण उंच काठी १०० वर उभी राहते, पुढच्या २००, ३०० वर. ट्रान्सफॉर्मरच्या आतला लोखंडी गाभा चुंबकत्व चढलं की किंचित ताणला जातो, उतरलं की पूर्ववत होतो. प्रवाहाच्या एका फेरीत चुंबकत्व दोनदा शिगेला पोचतं, एकदा या दिशेनं, एकदा त्या दिशेनं. लोखंडाला दिशेशी घेणं नाही, म्हणून दुप्पट. माझ्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त आवडतो तो हा आलेख, कारण रोज कानावर पडणाऱ्या त्या कंटाळवाण्या आवाजाचा पत्ता आकड्यानं सापडतो.

स्पीकर बनवायचा असेल तर मोटार रिवायंडिंगच्या दुकानातून ०.२ मिलीमीटर जाडीची वार्निश केलेली तांब्याची तार आणा. अडीच सेंटिमीटर व्यासाच्या कागदी नळीवर शंभर वेढे घाला, दोन्ही टोकांचं वार्निश खरवडा. मल्टिमीटर ४ ओहमच्या आसपास दाखवेल. त्याहून बरंच कमी दाखवलं तर वेढे वाढवा, नाहीतर ॲम्प्लिफायर जळेल. ही नळी कागदी कपाच्या बुडाला बाहेरून चिकटवा, मोडक्या स्पीकरमधलं चुंबक नळीत अंतराळी राहील असं धरा आणि तारा जुन्या लहान रेडिओच्या स्पीकरच्या तारांना जोडा. भिंतीतल्या बोर्डाजवळ या तारा चुकूनही नेऊ नका. कप बोलायला लागतो. तारेतल्या प्रवाहानं तिचं चुंबक होतं, ते मागेपुढे ढकललं जातं, आणि कप हवेला ढकलतो. हेच उलटं केलं, कपाशी बोलून तारेत प्रवाह निर्माण केला, की माइक झाला.

मोठ्या स्पीकरबद्दल इथंच सांगते. वरातीत डीजेच्या भिंतीशेजारी अर्धा तास उभी राहिले होते, त्यानंतर दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. ८५ डेसिबलला आठ तास, ही कामगारांच्या कानांसाठी धरलेली मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे सोसायची वेळ निम्मी. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. लहान मुलाला खांद्यावर घेऊन त्या भिंतीसमोर कृपा करून उभे राहू नका. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते ६.

भुसावळच्या बाजूला जाणं झालं तर लहान स्टेशनावर फलाटाच्या आत उभं राहून न थांबणाऱ्या गाडीचा हॉर्न ध्वनिमुद्रित करा. समोरून जाताना सूर घसरतो. येताना गाडी स्वतःच्याच लाटांच्या मागे धावत त्या दाटवते, जाताना विरळ करते. ताशी १०० किलोमीटरला ही घसरण जवळजवळ कोमल गंधारावरून षड्जावर येण्याइतकी भरते. डॉपलर यांनी १८४२ मध्ये हे मांडलं, आणि १८४५ मध्ये हॉलंडात गाडीवर तुतारी वाजवणारे आणि रुळालगत कान तयार असलेले वादक बसवून त्याची परीक्षा झाली.

आवाजाचा वेग, पाइप आणि बादली

शेवटचा प्रयोग शांत खोलीत, पंखा बंद करून. इंच-दीड इंच व्यासाचा, ४० सेंटिमीटर लांबीचा प्लॅस्टिक पाइप घ्या आणि बाहेरून पेननं सेंटिमीटरच्या खुणा करा. शून्य वरच्या तोंडाशी. बादली काठोकाठ भरा, तिची खोली किमान ३५ सेंटिमीटर हवी. पाइप उभा बुडवा, फोनवर १,००० हर्ट्झचा सूर लावून फोनचा स्पीकर पाइपाच्या तोंडावर धरा, आणि पाइप सावकाश वर उचला. फोन पाइपाबरोबरच वर यायला हवा.

पाण्यावर साधारण आठ सेंटिमीटर पाइप आला की सूर एकदम फुगतो. खूण वाचून लिहा. उचलत राहा, आवाज बसतो आणि पंचवीस-सव्वीसच्या आसपास पुन्हा फुगतो. तीही खूण लिहा. दोन खुणांतलं अंतर म्हणजे अर्धी लाट. त्याची दुप्पट करून १,००० नं गुणा, आवाजाचा वेग आला. ३५ अंशाच्या दुपारी आमच्या वर्गात १७.६ सेंटिमीटर भरलं होतं, म्हणजे सेकंदाला ३५२ मीटर. पहिल्याच खुणेवरून वेग काढायचा मोह टाळा. पाइपाच्या तोंडाबाहेरची थोडी हवाही त्याच्याबरोबर हलते, म्हणून ती खूण जरा कमी येते. दोन खुणांची वजाबाकी केली की ती चूक निघून जाते.

वही जपून ठेवा. हवा एक अंश थंड झाली की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरनं उतरतो. डिसेंबरात, पारा बारावर आलेला असेल त्या पहाटे तोच पाइप, तीच बादली आणि तोच सूर घेऊन पुन्हा बसा. अंतर १७ सेंटिमीटरच्या किंचित खाली आलं पाहिजे.